शेवटच्या रांगेतली बारा नंबरची खुर्ची

मी, गल्लीत सगळे जिला सुईताई म्हणतात ती, वय ३८ वर्षे, धंदा खुर्च्या आणि सोफ्यांची कव्हरं शिवण्याचा, राहणार सिनेमागृहामागच्या गल्लीत, माझ्याच दुकानाच्या माळ्यावर, आज रोजी पोलीस ठाण्यात हवालदारांच्या टेबलासमोर बसून, विचारल्यावरून सांगते ते असे:

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. दुकान वडिलांचं होतं, ते गेल्यापासून मी चालवते. आई मी लहान असतानाच गेली, म्हणून मला आत्याने वाढवलं. मी हरवल्याची तक्रार देणारी ती हीच आत्या, सध्या मागच्या बाकड्यावर बसली आहे. तक्रारीत तिने माझं वर्णन "अंगाने बारीक, रंगाने सावळी, स्वभावाने हट्टी" असं दिलं आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

आत्याने माझ्यासाठी एक स्थळ आणलं होतं. मुलगा बँकेत आहे. मुलगा म्हणजे वय ४४. यापुढे त्यांचा उल्लेख बँकवाले असा करते. याआधीची स्थळं आत्याच्या मते माझ्या तोंडामुळे गेली. ती मला म्हणाली, "घरी बोलावलं की तू बोलतेस आणि मुसळ केरात जातं. सिनेमाला जा. तिथे गप्प बसावंच लागतं." त्यावरून तिने आज दुपारच्या खेळाची दोन तिकिटं काढली, शेवटची रांग, एक आणि दोन नंबर. एकचं मला दिलं, दोनचं बँकवाल्यांना पाठवलं. बँकवाल्यांकडे माझा फोटो होता. तो फोटो दहा वर्षांपूर्वीचा आहे, हे आत्याने आत्ता बाकड्यावरून कबूल केलं.

बँकवाल्यांची एकच अट होती. लग्नानंतर दुकान बंद. मी हो म्हणाले होते. का म्हणालात, असं हवालदारांनी विचारलं. कंटाळले होते म्हणून. संध्याकाळी दुकान बंद करायचं, माळ्यावर जायचं, आणि अंधारात चाचपडत आपला दिवा आपणच लावायचा. कधी तरी वाटतंच की आपण जिना चढताना वर दिवा लागलेला असावा. त्यापायी मी वडिलांचं दुकान द्यायला तयार झाले होते. हे मी आत्यालाही सांगितलं नव्हतं, तिने ते आत्ता ऐकलं.

दुपारी एका गिऱ्हाइकाने सोफा आणून टाकल्यामुळे मला उशीर झाला. आत गेले तेव्हा दिवे मालवले होते. शेवटच्या रांगेच्या सगळ्या बारा खुर्च्यांच्या पाठी मी गेल्याच महिन्यात नव्याने शिवून दिल्या आहेत, त्यामुळे तिथे मला उजेड लागत नाही. एक नंबर म्हणजे डावीकडची भिंतीलगतची. मी नंबर न बघता जाऊन बसले. शेजारच्या खुर्चीवर एक इसम बसलेला होता. ते बँकवाले असं मी धरून चालले.

सिनेमा एका एकट्या बाईचा होता. ती प्रेम शोधत फिरते आणि तिला एकापेक्षा एक नग भेटतात. एक जण पहिल्याच भेटीला आईला घेऊन येतो. एक जण तिच्याशी बोलताना तिच्या मागच्या काचेत स्वतःचे केस बघतो. काचेवाल्याच्या वेळी मी मोठ्याने हसले. बाकी कोणी हसलं नाही, फक्त सदर इसम हसले. पुढे ती बाई आरशासमोर उभी राहून "नाही हो, मी एकटीच आले आहे" हे वाक्य हसऱ्या चेहऱ्याने म्हणायचा सराव करते. सगळं थिएटर हसत होतं. मी हसले नाही. सदर इसमही हसले नाहीत. त्यांनी रुमाल पुढे केला. रुमाल धुतलेला होता.

थोड्या वेळाने ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "काय खुर्ची केलीय कुणी! कंबर धरून ठेवते बघा. शिवणाऱ्याचे हात धरून आभार मानले पाहिजेत." मी गप्प बसण्याचं आत्याला वचन दिलं होतं. पण इतक्या वर्षांत माझ्या खुर्चीबद्दल असं कोणी बोललं नव्हतं, सगळे किती दिवसात देणार एवढंच विचारतात. मी म्हणाले, "मग धरा की. मीच शिवली आहे." यानंतर मध्यंतरापर्यंत सिनेमात काय झालं ते मला सांगता येणार नाही.

मध्यंतरात दिवे लागले. मी म्हणाले, "बँकेत असून तुम्हाला खुर्चीची एवढी पारख कशी?" ते म्हणाले, "कुठली बँक? मी लांब पल्ल्याची बस चालवतो. दिवसभर बसूनच असतो, खुर्ची मला नाही कळणार तर कुणाला?" मी चटकन खुर्चीच्या पाठीकडे पाहिलं. तिच्यावर बारा नंबरचा बिल्ला होता आणि टाका माझ्याच हातचा होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही पाठी शिवताना टेबलावर पालथ्या घालतो. पालथी वस्तू उलटली की डावं उजवं होतं. मी सगळ्या पाठी ओळीने पालथ्या मांडून डावीकडून बिल्ले टाकत गेले होते आणि बसवताना रांगच्या रांग उलटी लागली होती. ही काम करणाऱ्याकडूनच होईल अशी चूक आहे, दुसऱ्याला जमायची नाही. एक आणि दोन नंबरच्या खुर्च्या उजव्या टोकाला गेल्या होत्या. तिथे निळ्या शर्टातले एक गृहस्थ बसले होते आणि त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

मी उठून त्या टोकापर्यंत गेले. माफी मागून तिथे बसायचं, असंच माझ्या मनात होतं. बँकवाले फोनवर बोलत होते. ते म्हणत होते, "आली नाही अजून. या वयात मुलीने जरा नमतं घ्यायला हवं. असो, दुकान बंद झालं की शिस्त लागेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाय जवळ घेतले. मला वाटतं, मी वाट मागते आहे असं त्यांना वाटलं. मी आभार मानले, पुढे गेले, पाणी प्यायले आणि परत येऊन बारा नंबरवर बसले.

हवालदारांनी इथे लिहिलं होतं की "सदर महिला नजरचुकीने दुसऱ्या इसमाशेजारी बसली." ते मी खोडायला लावलं आहे. पहिला अर्धा सिनेमा माझी चूक होती. दुसरा अर्धा मी पूर्ण शुद्धीवर, डोळे उघडे ठेवून, राजीखुशीने बसले. मला कोणी फूस लावली नाही. लावलीच असेल तर मी लावली.

खेळ सुटल्यावर आम्ही चहा घेतला. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "सगळे ताई म्हणतात, मी दुसरं काही म्हटलं तर चालेल?" मी चालेल म्हणाले. ते मला काय म्हणतात हे या जबाबात येण्याची गरज नाही. त्यांची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी आजारपणात गेली, हे त्यांनी आपण होऊन सांगितलं. त्यांची बस डेपोत उभी होती आणि तिची सीट कंबर मोडते असं ते म्हणाले, म्हणून मी ती बघायला गेले. माप घेतल्याशिवाय मी कुणाला काही सांगत नाही. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते आणि त्यांनी टेपचं दुसरं टोक धरलं होतं, तेवढ्यात माझा मोठा भाऊ दोन पोलिसांना घेऊन बसमध्ये चढला. आम्ही डेपोकडे गेल्याचं त्याला थिएटरच्या दारवानाने सांगितलं होतं. मी आलेच नाही असं बँकवाल्यांनी आत्याला कळवलं होतं, आणि माझा फोन सिनेमासाठी बंद केला होता, तो चालू करायचं राहून गेलं. दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याला आणि आत्याला घोर लागला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ठाण्यात आल्यावर आत्याने ड्रायव्हरना आधी नखशिखांत न्याहाळलं. मग तिने विचारलं, "आणि हिच्या दुकानाचं काय करायला सांगणार तुम्ही?" ते म्हणाले, "मी काय सांगणार? माझी सीट तिथे शिवायला पडणार आहे. दुकान बंद झालं तर बस उभ्याने चालवू का?" आत्याने पिशवीतून बँकवाल्यांचा फोटो काढला, एकदा बघितला आणि दादाला म्हणाली, "उद्या परत करून ये. आणि कारण विचारलं तर सांग, मुलीचं तोंड." नंतर ती माझ्याजवळ आली आणि माझ्या कानामागचा धाग्याचा तुकडा काढून टाकला. हे ती मी शाळेत होते तेव्हा करायची.

लग्नाबद्दल विचारल्यावरून सांगते की, अजून कोणी कोणाला काही विचारलेलं नाही. रविवारी त्याच सिनेमाला परत जायचं ठरलं आहे, कारण त्या बाईचं शेवटी काय झालं ते आम्हा दोघांनाही नीट कळलं नाही. तोपर्यंत बिल्ले मी बदलणार नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. हवालदारांच्या खुर्चीची डावी स्प्रिंग वर आली आहे, ती दुकानात पाठवावी, माझ्यामुळे झालेल्या त्रासाबद्दल फुकट करून देईन.

हरवलेली महिला मिळून आली की तिला कोणाच्या तरी ताब्यात द्यावं लागतं, तरी तुम्हाला कोणाच्या ताब्यात जायचं आहे, असं हवालदारांनी शेवटी विचारलं. दादा पुढे झाला. आत्याने त्याचा हात धरून त्याला मागे ओढलं. दाराशी उभे असलेले ड्रायव्हर जागचे हलले नाहीत, ते मला आवडलं. मी सज्ञान आहे, माझं दुकान आहे, त्याची किल्ली माझ्या कमरेला आहे. मला माझ्याच ताब्यात द्यावं.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. आत्याच्या आग्रहावरून दुसऱ्यांदाही वाचला. मी सांगितलं तसाच उतरला आहे, एक शब्द कमी नाही. मिळून आलेली महिला म्हणून सही करते आणि ताब्यात घेणारी म्हणूनही खाली मीच सही करते.