सत्काराच्या शालीतले मासे

मागं एका चातुर्मासात मी नेम धरला होता, हातून एकही जीव मरू द्यायचा नाही. झुरळांना तो नेम माझ्याहून जास्त आवडला. डब्यांमागं त्यांचा संसार इतका वाढला, की आमच्या ह्यांनी परभणीहून फवारणीवालाच बोलावला.

"नेम तुझा हाय, माझा न्हाई," म्हणाले.

लेकीची माशांची काचपेटी झाकायचं कामही त्यांनीच घेतलं. वर प्लास्टिक, त्यावर स्वतःच्या सत्काराची शाल, कडेनं चिकटपट्टी.

"आता औषधाचा वाससुद्धा आत जायचा न्हाई!"

मी हळूच म्हटलं, "अहो, हवेचा पंप तर बाहेर चालू हाय. तो खोलीतलीच हवा ओढून नळीनं आत सोडायलाय ना?"

"मग बंद करू? गुदमरतील की ते! लय शहाणी झालीस."

"बरं. म्हणजे झुरळांना औषध शोधावं लागंल, माशांना घरपोच मिळंल."

ह्यांनी पंपाची पिन काढली. फवारणीनंतर दारं-खिडक्या उघडून वास पुरता गेला, तेव्हाच पंप लावला. मासे ठणठणीत. पाहुण्यांना हे अजून सांगतात, "मी होतो म्हणून वाचले."

तेव्हा बायांनो, तुमच्याकडं फवारणी निघाली तर तुम्हीही असंच करा. पेटी झाका, पंप बंद करा, अन् श्रेय नवऱ्याला देऊन मोकळ्या व्हा.