खाऱ्या तळ्याचा दगड

लेक : उठू नका बाबा. उशीला टेकून राहा, मी हातात देते.

बाबा : किती खोलीवरचा?

लेक : तुमची तेलविहीर जिथं बंद केली, त्याच्या जरा खालचा. आता तिथंच पुन्हा ड्रिलिंग चाललंय. सकाळीच ऑफिसातून मागून आणला.

बाबा : काळा? पापुद्र्यांचा?

लेक : तसाच. अहो, तोंडात काय घालताय!

बाबा : जन्मभर हेच केलं. दगडवाल्याची जीभ हातोड्याइतकीच कामाची.

सिस्टर : काका, मीठ बंद आहे हं तुमचं.

बाबा : काळजी नको, सिस्टर. अळणी आहे. अगदी अळणी. म्हणजे ऑफिसातल्यांचंच खरं. तळं गोड्या पाण्याचं होतं.

सिस्टर : गोडं काय नि खारं काय, आता दगडच झालाय ना त्याचा?

बाबा : तसं नाही. खारं पाणी जड, ते तळाशी बसतं. वरचं गोडं त्यात मिसळत नाही, म्हणून तळाला हवा पोचत नाही. वरून मेलेलं शेवाळ पडत राहतं आणि न कुजता चिखलात साठतं. त्यावर डोंगराएवढा गाळ चढला की खालची धग वाढते, आणि ते हळूहळू शिजून त्याचं तेल होतं. ते तळं खारं होतं, असं मी म्हणत होतो.

लेक : एकटेच म्हणत होते. सगळ्यांनी वेड्यात काढलं, विहीर अर्ध्यावर सोडली.

बाबा : प्रयोगशाळा काय म्हणते?

लेक : रिपोर्टला महिना तरी लागेल.

बाबा : तेवढा मी थांबत नाही. तुलाही ठाऊक आहे.

लेक : आहे. म्हणून तर आणला.

बाबा : हे अंगठ्याला काय लागतंय गं? खळगे?

लेक : हो, बारीक आहेत. चौकोनी.

बाबा : नीट बघ.

लेक : चौकोनीच. कोपरेसुद्धा स्पष्ट आहेत.

बाबा : धुतलाय का हा?

लेक : धुणारच. ड्रिलिंगचा चिखल असतो ना, आणला की नळाखाली धरतात.

बाबा : नळाखाली! अगं, मिठाचे खडे होते तिथं. विरघळले, नुसती घरं राहिली. तेव्हाही असंच धुतलं असणार, आणि वर मलाच विचारायचे, मीठ कुठंय दाखवा.

लेक : आत शिल्लक असेल?

बाबा : हातच्या कांकणाला आरसा कशाला? फोड.

(ती दगड खिडकीच्या कठड्यावर आपटते. दुसऱ्या खेपेला तो दुभंगतो.)

बाबा : तू चाख. औषधांनी माझी जीभ मेलीय, परवापासून सूपही पाण्यासारखं लागतंय.

लेक : बाबा...

बाबा : बोल.

लेक : खारट आहे.

बाबा : माझं मन राखायला सांगू नकोस.

लेक : नाही हो. सिस्टर, तुम्ही बघता का जरा? हा दुसरा तुकडा.

सिस्टर : मी? बरं, द्या. हो काका, खारट आहे.

बाबा : कितपत?

सिस्टर : तुम्हाला मुळीच देता येणार नाही, इतकं.

बाबा : मग नुसता हातात धरायला द्या.