चार शांत दिवस

रक्ततपासणीच्या खिडकीसमोरच्या बाकावर, माझ्या शेजारी, दोघी बसल्या होत्या.

“मुलाचा रिपोर्ट का?”

“हो. त्याला आवाज ऐकू येतात. डॉक्टर म्हणाले, रक्तावरून थोडाफार अंदाज येतो का बघू, हा दुसऱ्यावर हात उगारेल की स्वतःचं बरंवाईट करेल.”

“उगारतो?”

“हे मनगट बघा ना. पण खरं सांगू? मारतो त्या दिवशी मला निर्धास्त झोप लागते. राग माझ्यावर निघाला, स्वतःवर नाही.”

“कळतं हो.”

“सुऱ्या शेजारणीकडे ठेवल्यात. भाजी तिच्याच ओट्यावर चिरते. पण चार दिवस झाले, अगदी शहाण्यासारखा वागतोय. काल त्यानेच मनगटाला मलम लावलं. म्हणाला, आई, आता तुला त्रास नाही देणार.”

“आलाय ना बरोबर?”

“नाही, घरीच आहे. म्हणाला, सावकाश ये, घाई करू नकोस.”

“त्याच्याजवळ कोण आहे?”

“कोणी नाही. वर्षभरात आज पहिल्यांदाच एकटा सोडला.”

“रिपोर्ट राहू द्या, ताई. आधी शेजारणीला फोन लावा.”

“का हो?”

“माझ्या मुलानेही मला असंच सावकाश यायला सांगितलं होतं.”