अंगण एक, घरं तीन

पोलीस ठाणे कारंजखेड, तालुका मूर्तिजापूर, जिल्हा अकोला. दिनांक १३ मार्च १९६३.

नाव भागीरथाबाई जौजे देवमन तेलगोटे, वय अंदाजे चाळीस वर्षे, धर्म बौद्ध, धंदा मजुरी व शेळ्या पाळणे, राहणार नाल्याकाठचा मोहल्ला, कारंजखेड.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील ठिकाणी मी माझे पती व मुलांसह राहते. पती रेल्वेच्या छोट्या लाईनवर गँगमन असून कामामुळे बरेच दिवस बाहेर असतात. आमच्या अंगणात तीन घरे आहेत. एक माझे, दुसरे माझे दीर शेषराव यांचे व तिसरे माझी विधवा नणंद ललिताबाई हिचे. चुली वेगळ्या, दारे वेगळी, दारांवर नगरपालिकेने घातलेले नंबरही वेगळे. घरपट्टी तिन्ही घरांची भरली जाते.

गेल्या उन्हाळ्यात पिसाळलेले कुत्रे चावून गावातील एक शिंपी मरण पावला. त्यानंतर एका घरात दोनपेक्षा जास्त कुत्री ठेवू नयेत व ठेवलेल्यांना बिल्ला घ्यावा, असा नियम नगरपालिकेने केला. तशी दवंडी झाली. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. त्या शिंप्याची बायको माझ्या ओळखीची आहे. आम्ही प्रत्येक घरी एकच कुत्रे ठेवले व ज्याच्या त्याच्या नावाने बिल्ले घेतले. नाल्यातून लांडगे येतात म्हणून माझे व शेषरावचे कुत्रे शेळ्यांपाशी असते. ललिताबाईची मैना नावाची कुत्री घरात असे. ललिताबाईला टायफॉइडनंतर ऐकू येत नाही. दारात कोणी आले की मैना तिच्या लुगड्याचा काठ ओढीत असे.

काल सकाळी नगरपालिकेचे सॅनिटरी इन्स्पेक्टर महादेवराव गावंडे दोन नोकरांना घेऊन अंगणात आले. शेषराव व ललिताबाई कापसाच्या जिनात कामाला गेले होते. गावंडे मला म्हणाले, "इथं तीन कुत्रे काऊन दिसून राह्यले? नियम दोनाचा हाय."

मी म्हटले, "साहेब, घरं तीन हायेत. दारावरचे नंबर पाहा."

"आंगन एक तं घर एक. तुमच्या मोहल्ल्यात कोन कोनाच्या घरात राह्यते, याचा हिशेब मी कुठं ठेवू?"

मी म्हटले, "तीन घरायची पट्टी घ्याले येता, तवा बरा राह्यते हिशेब."

यावर ते म्हणाले, "लय बोलतं तू. कोन्तं कुत्रं द्यायचं ते बोल. बोट दाखव, म्हंजे झालं."

मी सांगितले की मी बोट दाखवणार नाही. रस्त्याच्या तोंडाशी नगरपालिकेचे मेंबर नत्थुजी यांच्या बंगल्यात पाच कुत्री आहेत, आताच तुम्ही तेथे चहा पिऊन आलात, तेथे का मोजली नाहीत, असे मी विचारले. त्यावर ते नरमाईने म्हणाले, "बरं, पट्टीच्या पावत्या आन. तिन्ही आन. पाहू."

मी पावत्या आणायला आत गेले. त्या पेटीत तळाशी होत्या. मी आत असताना मैना विषाने मारली. मी बाहेर आले तेव्हा ती ललिताबाईच्या दारात आडवी होती. मान मागे वळली होती व पाय ताणले जात होते. तोंडाशी मटणाचा तुकडा पडला होता. गळ्यात बिल्ला होता. मी जवळ बसले. ती लवकर गेली नाही.

पावत्या माझ्या हातातच होत्या. गावंडे यांनी त्या पाहिल्या नाहीत. म्हणाले, "आता दोन राह्यले. आता बसलं नियमात." पायाला दोरी बांधून ओढून न्या, असे त्यांनी नोकरांना सांगितले. सहदेव नावाचा नोकर खाली मान घालून उभा राहिला. मी कोणाला हात लावू दिला नाही.

मैनाला गोधडीत घेऊन हातगाडीवर घातले व नगरपालिकेत नेले. तेथे तिला गावंडे यांच्या टेबलावर ठेवले. शेजारी पावत्या ठेवल्या व म्हटले, "आता मोजा."

गलका ऐकून मुख्याधिकारी बाहेर आले. त्यांनी पावत्या वाचल्या, बिल्ला पाहिला व घरे किती, असे गावंडे यांना विचारले. गावंडे म्हणाले, अंगण एक आहे. मुख्याधिकारी म्हणाले, "मी घरं विचारली." मला वाटले आता काही न्याय होईल. टेबल फिनाइलने पुसून घ्या, एवढे सांगून मुख्याधिकारी आत गेले. मी मैनाला परत अंगणात आणले.

गावंडे यांनी माझ्यावर सरकारी कामात अडथळा केल्याची व शिव्या दिल्याची फिर्याद दिली आहे. अडथळा मी केला नाही. केला असता तर मैना जिवंत असती. शिव्या दिल्या हे खरे आहे. कोणत्या दिल्या ते मी सांगितले, परंतु जमादारांनी ते लिहून घेतले नाही.

संध्याकाळी ललिताबाई व शेषराव जिनातून आले. अंगणात शिरताच ललिताबाईने नेहमीप्रमाणे मैनाला हाक मारली. शेषराव घरात निघून गेला. ललिताबाईला सांगून ऐकू येत नाही, म्हणून मला गोधडी उघडून दाखवावी लागली. तिने आधी बिल्ला चाचपून पाहिला. मग माझ्याकडे पाहिले. बिल्ला होता ना, असे तिने मला विचारले. मी होय म्हणून मान हलवली. मैनाला आम्ही नाल्याकाठी पुरले.

गावंडे यांची माफी मागितल्यास प्रकरण येथेच मिटेल, असे मला ठाण्यात सांगण्यात आले. मी माफी मागणार नाही. माझी गावंडे यांच्याविरुद्ध तक्रार आहे, ती नोंदवून घ्यावी. तिन्ही पावत्या व मैनाचा बिल्ला मी हजर करीत आहे.

वरील मजकूर जमादारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "मैना मेली" असे लिहिले होते, त्यास मी हरकत घेतली. "मेली" हा शब्द खोडून "मारली" असा केला व तो मला पुन्हा वाचून दाखवला. आता मजकूर मी सांगितला तसा आहे व खरा आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, भागीरथाबाई जौजे देवमन तेलगोटे.