चौथ्या पानावर गेलेले बाबा

(विद्यापीठात सर्जनशील लेखन शिकवणाऱ्या बाईंची खोली. समोर दातांचे एक डॉक्टर बसले आहेत. त्यांची मुलगी बाईंच्या वर्गात आहे.)

डॉक्टर : ...ते मला काही सांगू नका. मारलंय तिनं मला. चौथ्या पानावर! आणि तुम्ही ती गोष्ट विभागाच्या अंकात छापलीत.

बाई : डॉक्टर, गोष्टीतले वडील गेले. तुम्ही माझ्यासमोर चांगले धडधाकट बसला आहात.

डॉक्टर : हे माझ्या पेशंटना सांगा. काल एक आजी खुर्चीत तोंड वासून पडल्या होत्या. मी आत आरसा घातलेला, तशातच म्हणतात, "आक्तर, हुम्ही हेआत हणे!" नातवानं अंक घरी नेला होता.

बाई : पण गोष्टीतल्या वडिलांचं चष्म्याचं दुकान आहे.

डॉक्टर : दुकान चष्म्याचं आणि घोरणं माझं! दूध उतू गेलं की दुसऱ्यावर ढकलायचं, तेही माझंच. आणि या सगळ्याचं मूळ तुम्ही. "जवळचं लिहा" हे कुणी शिकवलं? लोकांची मुलं शिकून बापाचं नाव काढतात. हिनं काढलं ते असं!

बाई : "जवळचं लिहा" म्हणाले, "मारा" नाही म्हणाले. उलट शेवट सुचला नाही की माणसं मारू नका, म्हणून मी वर्गात घसा कोरडा करते. पहिल्या सत्रात नुसती स्मशानकळा होती. एकानं तर शेवटी उरलेलं मांजरसुद्धा सोडलं नाही.

डॉक्टर : मग हिला का नाही अडवलंत?

बाई : कारण तो मृत्यू आळशीपणानं आलेला नव्हता.

डॉक्टर : वा! म्हणजे मी कष्टानं गेलो. ते काही नाही, मी तिचा प्रवेश रद्द करायला आलोय.

मुलगी : येऊ का, बाई? ...बाबा! तुम्ही इथं?

डॉक्टर : का? मेलेल्या माणसाला आत सोडत नाहीत?

मुलगी : दवाखाना बंद ठेवून आलात?

डॉक्टर : हो. दुखवटा आहे.

बाई : हे वाक्य वर्गात वापरू का मी?

डॉक्टर : तुम्ही मध्ये बोलू नका. काय गं, अंत्ययात्रेला मूठभर माणसं? निम्म्या शहराच्या दाढा काढल्यात मी!

मुलगी : म्हणूनच आली नसतील.

डॉक्टर : उलट उत्तर नको. तेही एक वेळ पोटात घालतो. पण गोष्टीतली ती पोरगी बापाच्या रिकाम्या खुर्चीला आपली गोष्ट वाचून दाखवते. का? बाप जिवंत असताना काय तोंडाला कुलूप होतं?

मुलगी : वाचायला घेतली होती की. त्यांनी "हं, छान" म्हणून बातम्यांचा आवाज वाढवला.

डॉक्टर : असं आहे गोष्टीत? मला दिसलं नाही.

मुलगी : गोष्टीत नाहीये. ते मी काढून टाकलं. तुम्हाला वाईट वाटलं असतं.

डॉक्टर : आणि मारलंस ते चाललं?

मुलगी : गेलेल्या माणसावर राग धरता येत नाही, बाबा. मला तुमच्यावर रागवायचं नव्हतं.

बाई : मी... जरा ग्रंथालयात जाऊन येते. प्रवेशाचं काय ते आल्यावर बोलू.

डॉक्टर : त्यात बोलायचं काही राहिलेलं नाही, बाई. शिकू दे तिला. तुम्ही या जाऊन, सावकाश.

मुलगी : चहा घ्यायला जायचं का आपण?

डॉक्टर : नको. ते हातात काय आहे?

मुलगी : नवीन गोष्ट. बाईंना दाखवायला आणली होती. अजून अर्धीच झालीये.

डॉक्टर : त्यात मी आहे?

मुलगी : नाही.

डॉक्टर : कुठंच नाही? मागे कुठं उभा वगैरे?

मुलगी : नाही, बाबा.

डॉक्टर : बरं. ...खुर्ची ओढ इकडे. वाच.