कादंबरीतली सासू

१९९३ साल. शिवाजीनगरच्या बसथांब्यावर रांगेत गुंडूरावांच्या पुढे तुंगाबाई आणि त्यांची विधवा सून उभ्या होत्या. सून कन्नड साप्ताहिकातली कादंबरी सासूला मराठीत वाचून दाखवत होती. गुंडूरावांनी तेच प्रकरण सकाळी वाचलं होतं. त्यात विधवा सून दुसऱ्या लग्नाचं बोलते आणि सासू तिला घराबाहेर काढून दाराला कडी घालते.

“मग सासू काय म्हणाली, हेमा?”

“म्हणाली, तुझं सगळं आयुष्य पुढं आहे, पोरी. आणि कुंकवाची डबी तिच्या हातात दिली.”

“मागच्या आठवड्यात तर नुसती आग ओकत होती.”

“माणूस बदलतं की, आत्याबाई.”

“एका आठवड्यात? स्वल्प परत वाच.”

सुनेनं परत वाचलं. या वेळी डबी चांदीची होती.

तुंगाबाई मागं वळल्या. “अण्णा, तुमच्या पिशवीतपण हेच पुस्तक दिसतंय. वाचलात काय? ही म्हणते तसंच आहे?”

सुनेनं मान वर केली नाही.

“तसंच आहे, अक्का. डबी चांदीचीच आहे.”

“असं होय. शेजारची भाग्यलक्ष्मी कालच वाचून सांगून गेली. तिच्या पुस्तकात सासूनं कडी घातली.”

बस येऊन थांबली. रांग पुढं सरकली, तरी सून जागची हलेना.

“चल, हेमा. तुझ्या ऑफिसातल्या त्या प्रदीपकुमारला रविवारी जेवायला बोलव. आपल्या घरातली डबी पितळेची आहे, एवढं त्याला आधीच सांग.”