मधलं कार्ड

...आन् वर मलाच इचारताय, शेखलालभाई, कॉम्प्युटरचं नवीन मधलं ग्राफिक्स कार्ड आलंय बाजारात, पैसा वसूल हाय का, घेऊ का? घ्या की! मला कशाला इचारता? मी काय कार्डांचा डॉक्टर हाय? मी साधा लग्नाची शूटिंग करणारा माणूस, शिरूरच्या स्टँडामागं बारक्या गाळ्यात बावीस वर्षं बसलोय, हळदीपासनं पाठवणीपर्यंत लोकांचं रडणं-हसणं कॉम्प्युटरवर जोडतो आन् सीडी करून देतो, बास! पण तुम्हाला सांगतो, मधल्याचं नाव काढलं ना, की मी लांबनंच हात जोडतो.

झालं काय, मागल्या वैशाखात मशीन रखडायला लागलं. नवरीच्या तोंडावर गुलाबाच्या पाकळ्या पाडायच्या म्हणलं, तर एक पाकळी पडंस्तवर माणूस चहा पिऊन यायचा! आन् गिऱ्हाइकं दारात उभी. "भाई, लगीन होऊन पोरगं रांगाया लागलं, सीडी कुठाय?" खरंच रांगत होतं की ते, माझ्या गाळ्यातच! म्हणून उठलो आन् गेलो पुण्याला. दुकानदार तरणा, चष्मेवाला, तोंडात नुसती साखर. "हे बघा काका, खालचं कार्ड घेतलंत तर तुम्ही रडाल, वरचं घेतलंत तर काकू रडतील. मधलं घ्या!" आता ह्याला कोण न्हाई म्हणंल? वर आन् म्हणतो, "पण काका, याला पॉवर सप्लाय मोठा लागेल हं, जुना बदलून टाका." म्हणलं, वा रे वा! घोड्याबरोबर तबेला बी गळ्यात मारतो व्हय? जुना चालू हाय न्हवं? चालू वस्तू कोण टाकतं हो? सांगा की, तुमच्यापैकी कुणी टाकलीय कवा? न्हाई ना? मग!

नऊ हजार मोजले. घरी खोकं उघडलं, तर हे एवढं धूड आन् त्याला हा एवढा पंखा. आमची नजमुन्निसा बघतच राहिली. "नौ हजार का पंखा? अजी, इत्ते में तो फ्रिज आता!" तिला म्हणलं, तुला न्हाई कळायचं, मधलं हाय ते. दौंडचा सुरज आला मशीन जोडायला. कार्ड मशीनच्या डब्यात बसंना! मग काय, आणली करवत आन् कापला डबा, दार कापत्यात तसा. सुरजपण म्हणला, "चाचा, सप्लाय बदला, ह्याला झेपायचा न्हाई." म्हणलं, तू त्या पुण्यावाल्याचा मावसभाऊ हाय का रं?

बरं, आधी एका लग्नाला मशीन नऊ तास घ्यायचं. कार्ड घातल्यावर किती घ्यावं? नऊ तास! आवाज तेवढा वाढला, पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं. सुरजला फोन केला. तर म्हणतो, "चाचा, तुमच्या मिक्सिंगला प्रोसेसर लागतो, कार्ड गेम खेळणाऱ्यांना." आरं मुडद्या, मग आधी सांगायचं ना! "तुमी कवा इचारलं? तुमी म्हणला मधलं हाय, बसव." मधलं घ्या, मधलं घ्या! पाकळ्या मातर झरझर पडायच्या, खोटं कशाला बोलू?

त्या पाकळ्या पाडून बघायला मी जे लगीन घेतलं, ते मांडवगणच्या हौसरावांच्या धनश्रीचं. आन् पाकळ्या पाडल्या कुणाच्या तोंडावर? धनश्रीच्या आज्याच्या! तात्याबा, हौसरावांचे आबा. जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस, आन् फोटोला असा भ्यायचा, की फ्लॅश चमकला की म्हातारं उठून गोठ्यात! मतदान कार्डाचे फोटो काढायला गावात माणसं आली, तर हे मेंढरं घेऊन दौंडाकडं निघून गेलेलं. पण पंगतीत मी लांबनं कॅमेरा लावला आन् घावला की गडी! दीड मिनिट. त्याच्या फेट्यावर गुलाब पाडून पाडून मी एकटाच हसत बसायचो.

आता आपल्या धंद्याची रीत तुम्हाला ठावं हाय. कॅसेट एकदा मशीनमधी उतरवली, की त्याच कॅसेटवर पुढलं लगीन. सगळेच करतो! सीझनात नवी कॅसेट कोण घालतं हो? मी बी केलं. म्हणलं, मशीनमधी हाय की, आता तर मधलं कार्ड हाय, भ्यायचं काय?

आन् एक दिवस भर दुपारी... फट्ट! धूर, जळका वास, अंधार. सप्लाय गेला. जाताना एकटा गेला का? हार्ड डिस्क घेऊन गेला! सुरजनं पुण्याला नेली, तिथल्यांनी हात टेकले. सोळा लग्नं गेली, सोळा, एकाची बी सीडी अजून दिलेली न्हवती! आन् कार्ड? कार्डाला काय बी झालं न्हाई. पावसात पडलेली तुरकाठी बी कुजती, ते मेलं चकाचक!

चौथ्या दिवशी हौसराव दारात. डोकं भादरलेलं. मी काय समजायचं ते समजलो. "शेखलालभाई, आबा गेलं. तुमच्या शूटिंगमधनं आबांचं तोंड काढून द्या, दहाव्याला फ्रेम पायजे. दुसरा फोटोच न्हाई वो घरात." आपण करतोच की हे! माणूस गेलं की लग्नातनं तोंड कापायचं, मागं निळं आभाळ टाकायचं, फ्रेम द्यायची. किती जणांना आभाळ दिलंय मी! हौसरावांना बसवलं, म्हणलं कुठं तुकडा तरी उरला असंल, कॅसेट शोधली, लावली. तर आबांच्या पंगतीच्या जागी कुणीतरी खतांच्या दुकानाची फीत कापतंय. टाळ्या! हौसराव बघत राहिले. शिव्या द्यायच्या ना? नुसतं म्हणले, "बरं," आन् टोपी घालून गेले. लाज वाटली हो मला. अजून वाटती.

दहाव्याला गेलो मांडवगणला. फ्रेमच्या जागी घोंगडी ठेवलेली, वर काठी, काठीला हार. बायकांच्या घोळक्यातनं म्हातारी उठून आली, गीताबाई, तात्याबांची मालकीण. म्हणलं, आता खातो शिव्या. तर हळूच म्हणती, "भाऊ, तुमी बघितलंय म्हणं त्यांना, त्या पेटीत. काय करीत व्हते?"

मी म्हणलं, "जेवत व्हते, आई. बुंदी वाढली, तर अर्धी खाल्ली, आन् इकडंतिकडं बघून अर्धी उपरण्याच्या टोकाला बांधली."

म्हातारी हसली. डोळ्याला पदर लावला आन् म्हणती, "ती मला आणली व्हती. म्या चुलीपाशी व्हते न्हवं, उपाशी. मला वाटलं, कुणाला दिसलं न्हाई."

जगात एकट्या मलाच दिसलं होतं ते, आन् मीच घालवलं. मधलं घ्या म्हणं!

तवापासनं तुम्हाला सांगतो, लग्नात गेलो की आधी म्हातारी माणसं शोधतो. पंगतीत, दारात, चपला राखत बसलेली. नवरा-नवरी मागनं, टाइम उरला तर. आन् कॅसेट आता एक बी पुसत न्हाई. धंदा बसला, ते सोडा. परवा एक नवरदेवाचा बाप आला सीडी घेऊन, असा तांबडालाल! "शेखलालभाई, अडीच तास आमची म्हातारीच भजी खातीया, नवरा-नवरी कुठं हायत?"

म्हणलं, दादा, ती दोघं हायत की तुमच्या घरात. बघा की रोज, फुकट.